बर्फावरचे मीठ

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो, पण तुमच्या घरातल्यासारखा नाही. माझ्या पोटात दूध नसते, कोथिंबीर नसते, कालची आमटी तर मुळीच नसते. फार वर्षांपूर्वी एका कंपाउंडरने माझ्यात आपला जेवणाचा डबा ठेवला होता. डॉक्टरांनी त्याला असे काही झापले की त्यानंतर कुणी साधी पाण्याची बाटलीही माझ्याजवळ आणली नाही. मी लसींचा फ्रीज आहे. अर्नाळ्याच्या बाजारातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटा दवाखाना आहे, त्याच्या आतल्या खोलीत मी उभा असतो. माझे दार काचेचे आहे, त्यामुळे मला सगळे दिसते. सांगता मात्र काहीच येत नाही.

कारखान्यात मला घडवले तेव्हाच एक अट माझ्या अंगात भरली होती. दोन अंशांच्या खाली उतरायचे नाही आणि आठच्या वर चढायचे नाही. एवढ्याशा पट्टीत मी सारा जन्म काढला. माझ्या कपाळावर एक लाल आकडा दिसतो, बहुतेक वेळा चार. लोक माझ्याकडे बघतात म्हणजे त्या आकड्याकडे बघतात. चार दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते आपापल्या कामाला लागतात. आत काय चालले आहे हे कुणी विचारत नाही. याचा मला राग येतो, पण थंड राहणे हाच माझा धंदा असल्यामुळे तो मी गिळतो.

आता जे सांगतो ते ऐकून घाबरू नका. माझ्या पोटात मेलेले राहतात.

फ्लूची लस कशी करतात ठाऊक आहे का? फ्लूचे विषाणू वाढवतात, मग त्यांना मारतात, फोडतात, धुतात आणि कुपीत भरतात. मेलेल्यांना आजार करता येत नाही, पण त्यांचा चेहरा शाबूत असतो. सुई टोचली की ते तुमच्या अंगात जाऊन आपला चेहरा दाखवतात, आणि तुमचे रक्त तो चेहरा पाठ करून ठेवते. मग खरा ताप दाराशी आला की रक्त त्याला ओळखते. एवढीच गोष्ट आहे. पण वर्षानुवर्षे या रहिवाशांबरोबर काढल्यावर मला एक कळले. ते पुरते गप्प नसतात. दुपारी दवाखाना बंद असतो, रस्त्यावर चिटपाखरू नसते, तेव्हा माझ्या फळ्यांवरून बारीक कुजबुज येते. आणि कुणी तापाने फणफणलेला माणूस दवाखान्यात आला की साऱ्या कुप्या आपोआप किणकिणतात. रिचेल सिस्टर म्हणतात, "याचा कॉम्प्रेसर गेलाय बहुतेक." म्हणू देत बापड्या. कुप्या का किणकिणतात ते मला माहीत आहे. आत बसलेल्यांना बाहेरचा ओळखीचा वाटलेला असतो.

हा ताप मोठा लबाड आहे. दर वर्षी चेहरा बदलून येतो. गेल्या वर्षी पाठ केलेला चेहरा या वर्षी कामाचा राहत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, माझ्यातले जुने रहिवासी जातात आणि नवे येतात. त्याच सुमारास वसईत डॉक्टरांसाठी आणि नर्सेससाठी एक बैठक होते. यंदा ताप कोणता वेश घेणार, लस आधी कुणाला द्यायची, ती कशी सांभाळायची, हे तिथे सांगतात. आमच्या डॉक्टर इशिता ते ऐकून येतात आणि मग माझ्या समोर खुर्च्या मांडून आपल्या माणसांना समजावतात. त्यामुळे मीही दर वर्षी शहाणा होतो.

अशाच एका बैठकीत मी एक विचित्र गोष्ट ऐकली. पूर्वी फ्लूच्या एका कुपीत चार प्रकारचे रहिवासी असायचे. डॉक्टर म्हणाल्या, "आता तीनच. करोनाच्या काळापासून तो चौथा जगात कुणाला सापडलेलाच नाही. सगळीकडे शोधला."

"मग गेला कुठे तो?" रिचेल सिस्टरने विचारले.

डॉक्टर हसल्या. "नाहीसा झाला. बरंच झालं ना!"

त्या हसल्या, पण माझ्या फळ्यांवरची कुजबुज एकदम थांबली. मेलेलेही दचकतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तेव्हापासून कुप्यांची नवी पेटी आली की मी कान लावून ऐकतो, आत खरेच तिघेच आहेत ना. मला उगाच भास होतात, असे तुम्ही म्हणाल. असेलही.

दवाखान्यात तीनच माणसे आहेत. डॉक्टर इशिता उमेळ्याच्या. त्यांच्या घरची केळीची आणि फुलांची वाडी होती, आता तिच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या आहेत. बाई मनाने लोण्यासारख्या आणि कायम घाईत. रिचेल सिस्टर वसईगावातल्या, हात हलका, टोचलेले कळतही नाही. आणि तिसऱ्या मालूमावशी. दवाखाना उघडणे, झाडलोट, नंबर पुकारणे, चहा करणे, बंद करणे, सगळे त्यांच्याकडे. दवाखान्याची एक किल्ली कायम त्यांच्या कमरेला असते. त्या इथल्याच, मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या. नवरा वारला, मुलगा डिलन होडीवर जातो, घर दवाखान्याच्या मागेच.

रोज सकाळी मालूमावशी माझी काच पुसायच्या आणि माझ्याशी बोलायच्या. दवाखान्यात माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच.

"काय रं, बरा हायस ना? तुझ्या पोटातली पोरं बरी हायत ना?"

मी आपला गुरगुरायचो. त्या खूश व्हायच्या. मित्रांनो, कुणीतरी आपली रोज चौकशी करावी, याचे सुख यंत्रालाही कळते.

मग एक पावसाळा असा आला की त्यांचे बोलणे थांबले. त्यांची सून प्रिन्सी गरोदर होती. तिने लस घेतली नव्हती. आज घेऊ उद्या घेऊ करताना राहून गेले. तिला ताप भरला आणि पोटातले मूल गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मालूमावशी माझ्या समोर नुसत्या उभ्या राहत. फडके हातात असे आणि काच तशीच राही. मला फार वाईट वाटायचे.

पुढच्या वर्षी प्रिन्सीला पुन्हा दिवस गेले. उन्हाळ्यात नव्या लसीची पेटी माझ्यात आली त्या दिवशी मालूमावशी डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाय, यंदा पयली सुय माझ्या प्रिन्सीला."

"हो मावशी, पहिली तिचीच. पोटुशीला द्यायचीच असते. आतल्या बाळालासुद्धा उपयोग होतो. सोमवारी घेऊन या तिला."

मालूमावशींनी गळ्यातला क्रूस ओठांना लावला. मग माझ्याकडे आल्या आणि काचेतून त्या पेटीकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत काय होते ते मी सांगू शकत नाही, पण माझ्यासारख्या थंड वस्तूलाही ते बघवत नव्हते.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या. मोबाइलवर बघून त्या सांगू लागल्या. मालूमावशीही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोडे झाले आणि डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला हे कंटाळवाणं होईल. जरा चहा ठेवता का?"

मावशी गेल्या. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, आणि इथे डॉक्टर पुढचे वाक्य बोलल्या.

"हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्लूची लस गरम झाली तर हळूहळू बिघडते. पण एकदा जरी गोठली, तरी संपली. दिसायला तशीच दिसते, आत काही उरत नाही. बर्फाला थेट लावायची नाही."

"माहितीये मॅडम," रिचेल सिस्टर म्हणाल्या.

ज्यांना माहीत होते त्यांनाच ते पुन्हा सांगून झाले. मग चहा आला.

शनिवारी दुपारी वादळ उठले. समुद्रावरून वारा असा आला की पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, वसईकडचा रस्ता झाडांनी बंद झाला. वीज गेली. मोबाइलला रेंज नाही. डॉक्टर उमेळ्यात अडकल्या, सिस्टर वसईत. माझ्या कपाळावरचा आकडा विझला. मित्रांनो, मी झोपत नाही, पण वीज गेली की माझी शुद्ध हळूहळू हरपते. अंगात ऊब चढू लागते. चांगले बंद ठेवलेले माझे दार तसा बराच वेळ गारवा धरून राहते. कुणी हात लावला नसता तर मी निभावले असते.

पण मालूमावशींना कुठे चैन पडणार? संध्याकाळी त्या किल्ली घेऊन आल्या. बरोबर त्यांचा दीर सायमन. त्याची स्वतःची होडी आहे. खांद्यावर मासळीची थर्माकोलची पेटी आणि दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेला बर्फ.

मावशींनी माझे दार उघडले, काचेला तळहात लावला. "गरम पडला रं यो! सोमवारपतूर काय व्हयल? माझ्या प्रिन्सीची दवाई हाय यात."

सायमनने लसीच्या पेट्या मासळीच्या पेटीत ठेवल्या आणि त्यांच्यावर, खाली, बाजूंना बर्फाचा चुरा भरला. मग हात झटकत म्हणाला, "वयनी, नुसत्या बरफानं काय व्हनार नाय. सकालपतूर पानी व्हयल. मीठ मारू?"

"मार. भरपूर मार. मासली दोन दिस ऱ्हाते, मग ही दवाई का नाय ऱ्हानार?"

त्यांचे काय चुकले, सांगा. पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर बर्फाने आणि मिठाने घरे चालली आहेत. बर्फावर खडे मीठ टाकले की तो जास्त चावरा होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही कळते. पापलेट जितके कडक तितके ताजे. जितके थंड तितके चांगले. त्यांना ठाऊक असलेले सगळे खरे होते, फक्त माशांसाठी.

पेटी माझ्या पायाशीच होती. झाकण बंद झाले आणि आतून कुजबुज येऊ लागली. आधी घाईघाईची, कुणी दार शोधत असल्यासारखी. मग ती अडखळू लागली. एकेक आवाज मधेच तुटत होता. मी दार उघडे पडलेला, वीज नसलेला, नुसता पत्र्याचा खोका. मी ऐकत राहिलो. शेवटी एकच आवाज उरला होता. तो बराच वेळ एकटा चालला होता. मग तोही थांबला, आणि खोलीत फक्त बर्फ खाली बसल्याचा आवाज येत राहिला. मेलेल्यांनाही दुसरे मरण असते, मित्रांनो. पहिल्या मरणात चेहरा उरतो. या मरणात तोही जातो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. मालूमावशींनी पेटी उघडली, एक कुपी पुसून उजेडात धरली. आतले पाणी गोठून पांढरे झाले होते.

"बग कशी कडक जाली! ताजी म्हनजे ताजी."

त्यांनी एकेक कुपी लेकरासारखी पुसून माझ्या फळीवर परत ठेवली. माझा आकडा पेटला. थोड्याच वेळात तो चारवर आला. सकाळपर्यंत आतले पाणी विरघळले, पहिल्यासारखे स्वच्छ झाले. बाहेरून बघणाऱ्याला काडीचाही फरक दिसला नसता. पण माझ्या पोटात त्या सकाळी इतकी शांतता होती की मला स्वतःच्या मोटारीची भीती वाटली.

सोमवारी डॉक्टर धावतच आल्या. "मावशी, लस?"

"ऱ्हायली बाय! मी आनि सायमननं बरफात ठिवली."

डॉक्टरांनी माझ्या कपाळाकडे पाहिले, चार. एक कुपी उजेडात पाहिली, स्वच्छ. त्यांनी मालूमावशींना मिठीच मारली. बर्फाच्या गारव्यात ठेवली, चालून जाईल, असे त्यांना वाटले. मिठाचे मावशी बोलल्या नाहीत, कारण मीठ ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. आणि केळीच्या वाडीत वाढलेल्या डॉक्टरांना मिठाचा बर्फ कुठून सुचावा? बाहेर रांग लागली होती.

प्रिन्सी आली. लाजरी, पोट नुकते दिसू लागलेली. मालूमावशींनी तिचा दुसरा हात धरला. रिचेल सिस्टरने माझे दार उघडले तेव्हा मी होता नव्हता तेवढा जोर लावला. गुरगुरलो, थरथरलो, माझा सबंध सांगाडा खडखडला.

"मॅडम, याला एकदा मेकॅनिकला दाखवा हां," सिस्टर म्हणाल्या आणि सुई टोचली.

प्रिन्सीच्या दंडात एक थेंब साधे पाणी गेले. मग डॉक्टरांनी घेतली, सिस्टरने घेतली, मालूमावशींनीही घेतली. मावशी तर इतक्या आनंदात होत्या की त्यांनी सगळ्यांना घरचे बोंबील पाठवले.

पाऊस सुरू झाला. श्रावणात ताप आला.

मी त्याला येताना पाहिले. एक होडीवाला खोकत आत आला, डोळे लाल, अंगाला कंप. दर वर्षी अशा माणसाने उंबरा ओलांडला की माझ्या कुप्या किणकिणतात. या वेळी सगळ्या मुकाट होत्या. तो तोंड न झाकता खोकला, आणि तो ताप खोलीभर फिरला. त्याला अडवायला कुणी नव्हते, हाक मारायलाही कुणी नव्हते. मला वाटले, तो माझ्या काचेजवळ आला, आत डोकावला आणि परत वळला. मालूमावशी त्याच होडीवाल्याला आधार देऊन बाकावर बसवत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मास्क घाला."

"मना काय व्हनार नाय. मी सुय घेतलीय."

तो ताप मावशींबरोबर त्यांच्या घरी गेला. मावशी दोन दिवस खोकल्या आणि उठल्या. प्रिन्सी उठली नाही. तिला श्वास पुरेना. वसईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेले, नळ्या लावल्या, आणि दिवस भरायच्या खूप आधी बाळ काढावे लागले. मुलगी. ओंजळीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवले. हे मला मालूमावशींकडून कळले. त्या सकाळी यायच्या, माझ्या काचेवर डोके टेकून रडायच्या, आणि मी त्यांच्या कपाळाशी गार पडून राहायचो. हे कशामुळे झाले ते मला ठाऊक होते. त्यांना ठाऊक नव्हते. ते दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका.

पण दोघी वाचल्या. आधी प्रिन्सी, मग कितीतरी दिवसांनी ते बाळ घरी आले. गावाला मालूमावशींनी केक वाटला. आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायकांना त्या सांगू लागल्या, "डॉक्टर काय बोल्ली? सुय घेतली व्हती म्हनून वाचली. आनि ती सुय वाचवली कोनी? मी! नुसता बरफ नाय टाकला. वर मीठ मारला, मूठ मूठ. म्हनून टिकली."

रिचेल सिस्टर आत सिरिंज मोजत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मीठ?"

त्यांनी माझे दार उघडले. त्या वादळात मासळीच्या पेटीत गेलेली धनुर्वाताच्या लसीची एक कुपी अजून मागच्या कोपऱ्यात होती. ही लस एकदा गोठली की हलवल्यावर आपले बिंग फोडते. सिस्टरने ती जोरात हलवली आणि खिडकीशी धरली. आत बारीक पांढरे कण सुटले आणि शांतपणे तळाशी जाऊन बसू लागले. सिस्टर बघत राहिल्या. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावले, आणि दार लावून घेतले.

"म्हणजे आपण सगळ्यांना पाणी टोचलं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"प्रिन्सीलापण."

बाहेरून मालूमावशींचा आवाज येत होता. त्या नंबर पुकारत होत्या आणि मधेच हसत होत्या.

"मावशींना सांगायचं?" सिस्टरने विचारले.

"कसं सांगू, रिचेल? तुमच्या हातून बाळ मरता मरता वाचलं, असं मावशींना सांगू? त्या वेड्या होतील. चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आले. "नको. मी इन्व्हर्टर बसवते. पुन्हा बर्फाची वेळच येणार नाही."

त्यांनी नवी लस मागवली. ज्यांना ज्यांना पाणी टोचले होते त्यांना बोलावून पुन्हा टोचले. सगळ्यांना सांगितले, "यंदा ताप जोरात आहे, म्हणून जादा डोस." मालूमावशींनाही टोचला. त्या म्हणाल्या, "पावर वाडवायचा काय? वाडव बाय." डॉक्टर आणि सिस्टर हसल्या. मला मात्र ते हसू चांगले वाटले नाही. डॉक्टर वाईट नाहीत, मित्रांनो. त्या फार चांगल्या आहेत. पण माणसाला दुखवायचे नाही म्हणून ज्या गोष्टी त्याच्यापासून लपवतात, त्या कुठे जात नाहीत. त्या घरातच राहतात आणि वाट बघतात.

इन्व्हर्टर आला. माझ्या शेजारी बसला. चांगला आहे बिचारा, पण त्याच्यातही किती दम असणार?

यंदा उन्हाळ्यात पुन्हा नवी लस आली. त्यात एक छोटी कुपी मालूमावशींच्या नातीची. ती आता मांडीवर बसून टाळ्या वाजवते. सहा महिने उलटलेल्या बाळाला फ्लूची लस देता येते, आणि अपुऱ्या दिवसांच्या या बाळाची छाती अजून नाजूक आहे. साधी सर्दी झाली तरी घरघर सुरू होते. ताप आला तर ती पुन्हा त्या काचेच्या पेटीतून परत येईल असे वसईच्या डॉक्टरांनाही वाटत नाही. आमच्या डॉक्टर हे प्रिन्सीला सांगत होत्या, तेव्हा मी ऐकले.

आणि खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. डॉक्टर मोबाइलवर बघून सांगू लागल्या. ते वाक्य जवळ आले. एकदा जरी गोठली, तरी संपली. बर्फाला थेट लावायची नाही. मी वाट बघत होतो. तेवढ्यात मालूमावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि भिंतीला टेकून ऐकू लागल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा अंगठा मोबाइलवर थांबला. मग त्यांनी ते पान पुढे सरकवले.

"हे तर सगळ्यांना माहीतच आहे," त्या म्हणाल्या.

रिचेल सिस्टरने मान खाली घातली. माझ्या कुप्यांमधली कुजबुज थांबली, जशी त्या चौथ्याचे नाव निघाल्यावर थांबली होती.

मित्रांनो, आज दुपारी पुन्हा वारा उठला आहे. खांब पडले आहेत. वसईकडचा रस्ता बंद आहे. इन्व्हर्टर बराच वेळ टुकटुक करत होता, मघाशी तोही गप्प झाला. माझ्या कपाळावरचा आकडा विझला आहे. मी दार घट्ट धरून आहे. मला एकटे सोडले तर उद्यापर्यंत मी निभावून नेईन. मी ते करू शकतो. पण बाहेर किल्ली फिरली आहे. मालूमावशी आल्या आहेत, आणि त्यांच्या मागे सायमन आहे.

त्यांनी माझे दार उघडले. त्यांचा हात ऊबदार आहे. त्यांनी सगळ्यात आधी ती छोटी कुपी बाहेर काढली, पदराने पुसली आणि तिच्याशी बोलल्या, "घाबरू नको गो बाय. मी हाय ना."

आता त्या सायमनला सांगत आहेत, "ही माझ्या नातीची हाय. हिला अगदी मधी ठेव. आनि हिच्यावर मीठ जास्ती मार."

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, धूळ पुसा, दार नीट लावा, हे सगळे मी तुम्हाला सांगणारच होतो. ते राहू द्या. माझे एकच मागणे आहे. जिच्या हातात किल्ली आहे तिला चहा करायला पाठवू नका. तिला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. तिला रडू द्या, पण तिला सांगा. मला आवाज नाही. तुम्हाला आहे. सायमन मिठाची पिशवी सोडतो आहे, कुणीतरी लवकर या आणि तिला सांगा.